बी बाजूवरचा माग

आमच्या ह्यांच्या आयुष्यात एक बायको, एक मुलगी आणि एक कॅसेट आहे. हा क्रम मी लावलाय, त्यांनी नाही.

कॅसेटवर एका विलायती बँडचा अल्बम आहे. ह्यांनी कॉलेजात असताना कुणाकडून तरी रेकॉर्ड मागून आणली आणि ती परत करायच्या आत कॅसेटवर भरून घेतली. त्याला रॉक म्हणायचं, पण नुसता धांगडधिंगा नाही. त्या लोकांच्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या चाली त्यात घेतल्यात. बासरी आहे, मेंडोलीनसारखं काहीतरी तुणतुणत असतं, जरा मन रमतंय म्हणेपर्यंत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम अंगावर येतात. ठेका तर असा, की आपला पाय धरायला जातो आणि हमखास चुकतो. ए बाजूला सुरू झालेलं गाणं बी बाजूला जाऊन संपतं. मध्ये कॅसेट उलटी करायला उठावं लागतं, तेवढीच काय ती विश्रांती.

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा हा प्रकार मला नवीन होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ह्यांचे एक मित्र यायचे. दोघं टेपरेकॉर्डरपुढे सतरंजी टाकून बसायचे आणि दार आतून लावून घ्यायचे. मी अक्कलकोटची. आमच्याकडे दार लावून फक्त भांडणं व्हायची. म्हणून मी पहिल्या दिवशी काळजीनं दाराला कान लावला, तर आतून बासरी ऐकू आली. तीही कशी, तर माझी आई कन्नडमध्ये एक काढणीचं गाणं म्हणायची, त्याच्याच अंगानं जाणारी. मी सरळ दार वाजवलं. ह्यांनी तोंडावर बोट ठेवूनच दार उघडलं. तेव्हापासून त्या सतरंजीवर आम्ही तिघं.

मित्र म्हणजे माझे भावजी. सख्खे नव्हेत, पण सख्ख्या दिरांना मी इतक्या वेळा चहा दिला नसेल. ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि बायकोशी भांडताना दोन्ही. खाली वडिलांचे दोन यंत्रमाग होते, चादरी आणि टॉवेल निघायचे. वडिलांना ते नाना म्हणायचे आणि आईला अम्मा.

आमचा एक रिवाज होता. कॅसेट चालू असताना कुणी बोलायचं नाही, आणि संपली की ज्यानं त्यानं आज नवीन काय ऐकू आलं ते सांगायचं. इतकी वर्षं एकच कॅसेट ऐकून नवीन काय सापडणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण सापडायचं. कधी ड्रमच्या आडून एखादी घंटी, कधी गाणाऱ्यानं मध्येच घेतलेला श्वास. मला तर चटकच लागली. कुकरची शिट्टी किती झाली ते विसरेन, पण दुसऱ्या गिटारीनं कुठं माघार घेतली ते बरोबर सांगेन.

सगळ्यांत लाडकी जागा बी बाजूवर होती. तिथं बासरी थांबते, एकटी गिटार हळूहळू छेडली जाते, आणि तिच्याखालून, लांबून, खटक खटक खटक असा माग ऐकू येतो. हो, माग. सोलापूरच्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. थोडा वेळ चालतो आणि मध्येच तुटल्यासारखा बंद पडतो. पुढं गिटार एकटीच. या जागेवर ह्यांनी एक भलामोठा सिद्धांत उभा केला होता. अल्बम म्हणजे एका गावाची गोष्ट. माणसं शेतं सोडतात, शहरात गिरणीत जातात, म्हणून सुरुवातीला शेतातल्या चाली आणि मग हा माग. कॉलेजच्या एका कार्यक्रमात ह्यांनी यावर भाषणही ठोकलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. न वाजवून जातात कुठं?

मी एकदा विचारलं होतं, की मग माग मध्येच बंद का पडतो? शेवटाकडे तो एकटाच माणूस कुठल्याही वाद्याशिवाय गातो, तिथं तर केवढी शांतता आहे, तिथं का नाही वाजत? हे म्हणाले, गिरणी सुटली. विषय संपला. माझा मात्र संपला नव्हता. असली अर्धी उत्तरं माझ्या डोक्यात कुसळासारखी राहतात.

भावजींचं त्या जागेवर प्रेम वेगळ्या कारणानं होतं. कॉलेजात मुलं त्यांच्या केसांतला कापसाचा बारीक तंतू दोन बोटांनी उचलायची आणि सगळ्यांना दाखवून हसायची. भावजी घरून निघताना दोनदा केस विंचरायचे, तरी एखादा राहायचाच. आणि मग ही कॅसेट. साहेबाच्या गाण्यात, बासरी आणि गिटारीच्या पंक्तीला, माग बसलेला. ते मला एकदा म्हणाले होते, की त्या दिवसापासून मी केस एकदाच विंचरायला लागलो.

पण नानांना यातलं काही पटायचं नाही. मुलानं मागावर बसावं ही त्यांची इच्छा. मुलगा चित्रकलेला गेला तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं उरलं. वरच्या खोलीत कॅसेट लागली की खालून नाना विचारायचे, वर मांजरं मारताय का? पुढं धंदा बसला, दोन्ही माग भंगारात गेले, आणि काही वर्षांनी नानाही गेले. दिवसकार्याला आम्ही गेलो होतो. भावजी ह्यांना जिन्यात बाजूला घेऊन म्हणाले, "मी काय मोठं मागत होतो का? एकदा वर येऊन ऐकायचं होतं. आवडलं नसतं तर नसतं." ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी मागच्या पायरीवर होते, तिथूनच परत फिरले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमची मुलगी पुण्याहून आली ती एक बिनतारेचा स्पीकर घेऊन. म्हणाली, बाबा, तुमचा अल्बम फोनवर आहे, मूळ रेकॉर्डवरून नीट करून घेतलेला. ह्यांनी आधी नाक मुरडलं. कॅसेटच्या आवाजात जीव असतो वगैरे सुरू केलं. पण कॅसेटचा जीव आता खरंच जायला आला होता, फीत ताणून कुठं कुठं गाणं गटांगळ्या खायचं. शेवटी पहिल्या रविवारी आम्ही चौघं बसलो आणि मुलीनं फोनवर बोट टेकवलं.

काय सांगू, आंघोळ घातल्यासारखं गाणं स्वच्छ झालं होतं. जिथं आम्ही एक बासरी ऐकत होतो तिथं दोन निघाल्या. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती जागा आली. भावजींची सवय अशी, की बासरी थांबली की ते डोळे मिटायचे आणि उजवा हात गुडघ्यावर ठेका धरायला उचलायचे. तसा उचलला. गिटार सुरू झाली. ती छेडत राहिली, छेडत राहिली, आणि भावजींचा हात तसाच वर राहिला. माग नव्हताच.

गाणं संपल्यावर कुणी काय नवीन ऐकलं ते कुणी सांगितलं नाही. भावजी एवढंच म्हणाले, की नाहीये. चपला घातल्या आणि चहा न घेता गेले.

ह्यांनी लगेच खटला उभा केला. नवीन कंपन्या आवाज धुतात, त्यात माग धुऊन गेला. मुलगी म्हणाली, बाबा, असं एक वाद्य धुता येत नाही. मग तिनं मला फोनवर एक पान काढून दिलं. जगभरातले लोक तिथं या एका अल्बमबद्दल लिहितात. बाई गं, मला तर घबाडच सापडलं! रोज दुपारी चहा घेऊन मी ते वाचायला बसायची, अडलेला शब्द फोनलाच विचारायची. नॉर्वेतली एक नर्स ड्यूटीवरून आली की पहिली बाजू ऐकून झोपते. ब्राझीलमधला एकजण गोठ्यात लावतो, म्हणे गाई शांत उभ्या राहतात. एका बाईनं लिहिलं होतं, या ठेक्यावर पीठ चांगलं मळलं जातं. मला वाटलं, उठावं आणि तिच्या गळ्यात पडावं, कारण माझ्या पोळ्यांचं तेच आहे. कुणी म्हणे ही ऋतूंची गोष्ट आहे, कुणी म्हणे देवाची. गिरणीची गोष्ट आहे असं मात्र पृथ्वीच्या पाठीवर एकानंही लिहिलं नव्हतं.

शेवटी ह्यांनी तिथं प्रश्न टाकला. दुसऱ्या बाजूला बासरीनंतर जो माग वाजतो, तो कुणी वाजवलाय? लोक चक्रावले. विलायतेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं आपल्याकडची मूळ रेकॉर्ड पुन्हा लावून ऐकली आणि फार सभ्यपणे लिहिलं, की तिथं माग नाही, कधीच नव्हता, आपण एखाद्या कापड कारखान्याच्या शेजारी राहता का? हे भडकले. मी आधी हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आणि हसता हसता मला भावजींचा तो वर राहिलेला हात आठवला आणि माझं हसू जागच्या जागी गेलं.

भावजींनी येणं बंद केलं होतं. एका महिन्यात सर्दी झाली, पुढच्या महिन्यात पाहुणे आले. फोनवर नीट बोलायचे, पण रविवारचा विषय काढला की लगेच दुसरंच काहीतरी काढायचे. ह्यांचं म्हणणं, माणूस एका आवाजासाठी एवढा रुसतो का? मी म्हटलं, तुमचा सिद्धांत गेला, तुम्ही दुसरा रचाल. त्यांचं काय गेलं ते बघा. ज्या एका गोष्टीनं त्या पोरसवदा माणसाला मान वर करायला शिकवलं, ती गोष्ट नव्हतीच असं म्हातारपणी कळलं, तर त्यानं काय करावं?

पण माझं कुतूहल मला गप्प बसू देईना. रेकॉर्डवर नाही तर कॅसेटवर माग आला कुठून? मी ह्यांना समोर बसवलं आणि कॅसेट भरली त्या दिवसाची सगळी हकीकत काढून घेतली. रेकॉर्डप्लेअर ह्यांच्या मामाचा. भरलं कुठं, तर भावजींच्या घरी, अंगणापलीकडच्या वरच्या खोलीत. जोडायची वायर नव्हती, म्हणून स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर ठेवून त्याच्याच माइकनं भरलं. मी म्हटलं, अहो, खाली माग चालू असणार! हे म्हणाले, आम्ही काय खुळे आहोत? मागांच्या आठवडी सुट्टीचा दिवस बघून भरलं. सगळा बोळ बंद होता. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद केला.

सोलापुरात, पंखा बंद करून? मग खिडकी? खिडकी उघडी ठेवली, नाहीतर मेलो असतो, असं हे म्हणाले. आणि म्हणता म्हणता थांबले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ह्यांना, टेपरेकॉर्डरला आणि कॅसेटला रिक्षात घातलं आणि भावजींच्या घरी गेले. न सांगता गेलो, कारण सांगितलं असतं तर पुन्हा पाहुणे आले असते. भावजी दारात आम्हाला बघून ओशाळले. अम्मा आत बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. आता खूप थकल्यात, पण कान आणि जीभ ठणठणीत. मराठी येतं त्यांना, पण मनातलं निघालं की तेलुगूच निघतं.

मी आडपडदा ठेवला नाही. भावजींना सांगितलं, की तो माग रेकॉर्डवर नव्हता, तो तुमच्या खिडकीतून आला. ते मान हलवत राहिले. सुट्टी होती वहिनी, म्हणाले, आणि चालू असता तर मला ऐकू आला नसता का? मी म्हटलं, नाहीच येणार. जन्मापासून ज्या आवाजात झोपलात, तो तुम्हाला ऐकू येईल होय? आणि हे तर गाण्यात बुडालेले, घर पेटलं असतं तरी ह्यांना कळलं नसतं. टेपरेकॉर्डरला मात्र तुमच्या घरची सवय नव्हती. बाकी गाण्याच्या गदारोळात माग दबला, गिटार एकटी उरली तिथं तेवढा उघडा पडला.

मग मी अम्मांजवळ बाजेवर बसले आणि विचारलं, हे दोघं वर गाणं भरत होते त्या दिवशी खाली माग चालू होता का? वाटलं, इतक्या वर्षांपूर्वीचं काय आठवणार त्यांना. पण त्यांनी लसूण खाली ठेवला आणि तेलुगूत सुरू झाल्या. भावजी मला एकेक वाक्य मराठीत सांगत होते.

माग चालू होता. लग्नाच्या आहेराच्या चादरींची ऑर्डर राहिली होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी नानांनी एकट्यानं एकच माग लावला होता. अम्मा स्वयंपाक करत होत्या. एकदम माग थांबला. लाइट होती, सण नव्हता, कुणी वारलं नव्हतं. भर दिवसा नानांनी हातानं माग बंद केलेला अम्मांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, मागात हात सापडला. हातातलं टाकून त्या धावत आल्या, तर नाना मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेले. अम्मांनी त्यांचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून बघितले. नाना म्हणाले, काही झालं नाही, वर पोरगं काहीतरी भरतंय, खिडकी उघडी आहे, त्याचं होऊ दे.

इथवर भावजींनी नीट सांगितलं. मग त्यांनी अम्मांना तेलुगूत काहीतरी विचारलं. मला काय विचारलं असेल ते कळलं, कारण मीही तेच विचारलं असतं. इतकी वर्षं सांगितलं का नाही? अम्मा खांदे उडवून म्हणाल्या, तेच म्हणाले होते, त्याला सांगू नको, नाहीतर दर सुट्टीला माग बंद ठेवायला लावेल.

हे तिकडे पायऱ्यांकडे बघत बसले होते.  भावजी म्हणाले, की मी भरणं संपवून खाली आलो तेव्हा नाना मागापाशी उभे होते आणि माझ्यावर ओरडले, झाला का तुमचा तमाशा म्हणून. मला वाटलं, सुट्टीच्या दिवशीही माझ्यावर रागच. त्या दिवसाचं मला तेवढंच आठवतं. अम्मा म्हणाल्या, राग आलाच होता की. चादरी राहिल्या नव्हत्या का?

भावजींनी स्वतःच टेपरेकॉर्डर पुढे ओढला आणि ती जागा काढली. खटक खटक आलं. त्यांचा हात गुडघ्यावर चालायला लागला. माग तुटला तसा हातही थांबला, पण त्यांनी कॅसेट बंद केली नाही, की डोळेही उघडले नाहीत. गिटार झाली, बासरी परत आली, ड्रमचा गदारोळ झाला, फीत एकदोनदा गटांगळ्या खाऊन वर आली. शेवटी तो एकटा माणूस वाद्यांशिवाय गायला लागला आणि त्याच्याखाली काहीही नव्हतं.  कॅसेट संपून बटण वर उडालं.

"वहिनी," भावजी म्हणाले, "माग बंद होता. खिडकी उघडी होती. म्हणजे त्या जागेपासून पुढचं सगळं नानांनी ऐकलंय."

मी हो म्हटलं. 

ते अम्मांकडे वळले. लहान मूल विचारतं तसं त्यांनी विचारलं, की ऐकून नाना काय म्हणाले? अम्मांनी आठवायला थोडा वेळ घेतला. मग तेलुगूत एक छोटंसं वाक्य बोलल्या. भावजी ते मला सांगायला माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि त्यांना सांगताच येईना. ते हसत होते की रडत होते, देव जाणे. शेवटी अम्मांनीच लसणाची पाकळी पुन्हा हातात घेतली आणि मला मराठीत सांगितलं.

"बासरी चांगली हाय म्हणाले. बाकी नुसता गोंधळ."